पात्रातली टिटवी

॥ श्री ॥

कॅम्प, बुरैदा
शुक्रवार, ५ मार्च २००४

ती. रू. नानांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मागच्या आठवड्यात पोचलं. आईचं गुडघ्याचं दुखणं कमी आहे हे वाचून बरं वाटलं. फोनवर आपण दोघं ‘बरं आहे ना’, ‘हो, बरं आहे’ यापलीकडे कधी जात नाही. आज सुटी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एक गोष्ट विचारायचीही आहे.

जानेवारीपासून मी रियाध सोडून इथे आहे. मुग्धा आणि सुरुची सुरुचीच्या शाळेमुळे तिकडेच राहिल्या. बुरैद्यापासून चाळीस किलोमीटरवर आमची पाण्याची मोठी पाइपलाइन एका वादीतून पलीकडे न्यायची आहे. वादी म्हणजे कोरडी नदी. पात्र आपल्या कृष्णेपेक्षा रुंद आहे, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही. वाळू, गोटे आणि मधूनमधून झाऊची झाडं. आमचा कॅम्प त्या झाडांच्या सावलीत, पात्रातच उभा आहे. मला धरून एकोणचाळीस माणसं. सपाट जागा, वाऱ्याला आडोसा, काम दहा पावलांवर, त्यामुळे सगळे खूश आहेत.

पण अबू फहद म्हणून एक म्हातारा मेंढपाळ आहे, तो दोनदा येऊन सांगून गेला की इथे राहू नका, वसंतात वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी येतं. आमचा कॅम्प-बॉस जमालुद्दीन निजामाबादचा, अकरा वर्षं इथे असल्याने अरबी फाडफाड बोलतो. त्यानेच मला हे हिंदीत सांगितलं. मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणतो त्याच्या कारकिर्दीत इथे कधी पाणी आलेलं नाही. तरी कॅम्प वरच्या माळावर हलवायचाच असेल, तर तुझ्या सहीने लेखी कारण दे, चार दिवसांचं काम बुडेल ते तुझ्या नावावर. माझं काँट्रॅक्ट मेमध्ये वाढवायचं आहे. पाणी आलं नाही तर माझं हसं होणार, आणि आलं तर पुढचं लिहवत नाही.

आता विचारायचं ते. परवा सकाळी तोंडात ब्रश असताना टिटवी ओरडली. नाना, अगदी आपली टिटवी, तोच कर्कश गळा, डोळ्यांपुढची तीच लाल कातडी. पाठलाग केला तर कॅम्पपासून शंभर पावलांवर, पात्राच्या मधोमध, गोट्यांत चार अंडी. लहानपणी तुम्ही सांगायचात की टिटवीने पात्रात अंडी घातली की त्या वर्षी पाणी चढत नाही, आणि काठावर वर घातली की घर आवरायला घ्या. तुम्ही एकतीस वर्षं पुलावर पाणी मोजलंत. हे खरं धरू का? महिनाअखेर मला काय ते ठरवायचं आहे.

आईस नमस्कार. लोभ आहेच, पत्रातून तो येत राहावा.

आपला,
हर्षवर्धन


॥ श्री ॥

मु. पो. डिग्रजवाडी, जि. सांगली
१७ मार्च २००४

चि. हर्षवर्धन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी आलं. आधी मी वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं, मग तिने चष्मा लावून स्वतः वाचलं, कारण माझ्या वाचण्यात मी काही गाळतो असा तिचा जुना संशय आहे. येत्या रविवारी पाडवा. तिकडे गुढी उभारता येणार नाही, तर निदान गोड काहीतरी करून खा. कडुनिंब मिळत असेल तर त्याचं पानही तोंडात टाक.

वाळवंटात टिटवी! अरे, मला तर रात्रभर त्या अंड्यांचंच कौतुक. कुठे आपली कृष्णा, कुठे तुझी ती कोरडी नदी, आणि पक्षी तोच.

तू विचारलंस म्हणून सांगतो. एकतीस पावसाळे मी पुलाच्या खांबावरची पट्टी वाचली. माझे आकडे सांगलीला तारेने जायचे, कागदावर सही साहेबाची असायची ती गोष्ट वेगळी. त्या एकतीस वर्षांत टिटवी फार तर दोनदा चुकली असेल. पाखराला जे कळतं ते हवामानखात्याला कळत नाही. तिने पात्रात अंडी घातली आहेत ना? मग निर्धास्त राहा, कॅम्प हलवू नकोस. म्हाताऱ्या माणसांना पाणी येतं पाणी येतं म्हणायची सवयच असते, मला विचार.

मात्र एक कर. तू इंजिनिअर असलास तरी गेज वाचकाचा मुलगा आहेस. पात्रात एक दहा फुटी बल्ली पुर, पाया काँक्रीटमध्ये घे. पांढरा रंग, काळ्या रेघा, दर फुटाला आकडा. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला वाचायचं आणि वहीत मांडायचं. पाणी नसेल तर शून्य फूट शून्य इंच असं पुरतं लिहायचं. शून्य लिहायचा ज्याला कंटाळा, तो गेजवर उपयोगाचा नाही, असं आमचे पहिले साहेब म्हणत. दुसरं, चूक झाली तर खाडाखोड नाही, ब्लेडने खरवडणं तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. चुकलेलं दिसलं नाही तर बरोबर आलेलं कोण खरं मानेल?

तुझ्या त्या जमालुद्दीनला हे काम दे. तो नेमाचा माणूस वाटतो.

आई विचारते, तिकडे जेवण कोण करतं आणि त्याला आमटी येते का. सुरुचीला म्हणावं, आजोबांना मराठीत चार ओळी लिही, इंग्रजीत आम्हाला ठेच लागते.

आशीर्वाद आहेतच, तू पत्राने ते घेत जावेस.

तुझा,
नाना


॥ श्री ॥

कॅम्प, बुरैदा
शुक्रवार, २ एप्रिल २००४

ती. रू. नानांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याच दिवशी मॅनेजरला सांगितलं की कॅम्प आहे तिथेच राहील. तो खूश, मीही खूश. हे पत्र पोस्टात न टाकता आमचा एक वेल्डर मुंबईला सुटीवर निघालाय त्याच्याजवळ देतो, तिथून टाकेल, लवकर मिळेल. सोबत खजूर आहेत. बुरैद्याचा खजूर म्हणजे इथल्या लोकांचा अभिमान, शेजारीपाजारी थोडे थोडे द्या.

पट्टी उभी केली. नाना, काय थाट आहे तिचा! कोरड्या वाळूत पांढरीशुभ्र, वर दहाचा आकडा. जमालुद्दीन सकाळी आठला मेसमधून चहाचा कप घेऊन जातो, पट्टीसमोर उभा राहतो, खाली वाळूकडे बघतो, आणि वहीत ‘सिफर फुट सिफर इंच’ लिहून सही करतो. माणसं पोट धरून हसतात, पण त्याचा चेहरा हलत नाही. तिकडे बायकोला, हाजराला, त्याने पत्रात कळवलंय की कंपनीने त्याला नदीचा अधिकारी केलंय.

टिटवीच्या अंड्यांभोवती आम्ही गोट्यांचं कडं केलं होतं, डंपरखाली जाऊ नयेत म्हणून. परवा पिल्लं निघाली. चारही. अंड्यातून निघाल्या निघाल्या चालायला लागली. माणूस दिसला की आई बोंब ठोकते आणि पिल्लं गोट्यांत अशी बसतात की पायाखाली आली तरी कळणार नाही. आमचे फिटर, वेल्डर, सगळे आता त्या बाजूने पाय जपून टाकतात.

अबू फहद पुन्हा आला होता. मी त्याला टिटवी दाखवली आणि तुमचं शास्त्र जमालुद्दीनकरवी समजावून सांगितलं. तो बराच वेळ हसला. म्हणाला, त्याच्या लहानपणी हा पक्षी या भागात नव्हता. गव्हाची शेतं झाली, ती गोल फिरणारी पाण्याची यंत्रं आली, त्यांच्या ओलीवर हा आला. नावही त्याला ठाऊक नाही. मग मला हाताला धरून झाऊच्या झाडाखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. फांद्यांच्या बेचक्यात वाळकं गवत, काटक्या, दोरी आणि एक रबरी चप्पल असं काहीतरी गुंतून बसलंय, चांगलं माझ्या डोक्याच्याही वर हातभर. मला ते एखाद्या पक्ष्याचं वेडंविद्रं घरटं वाटलं. तो काहीतरी बोलत होता, पण तेवढ्यात क्रेन आली आणि मला जावं लागलं.

बाकी ठीक. मेसमध्ये केरळचा माणूस आहे, आमटी येते पण नारळ घालतो. सुरुची पुढच्या सुटीत येणार आहे, पिल्लं बघायला.

आईस नमस्कार. आपला लोभ माझ्या वाट्याचा आहे तो असू द्यावा.

आपला,
हर्षवर्धन


॥ श्री ॥

मु. पो. डिग्रजवाडी
गुरुवार, ८ एप्रिल २००४, सायंकाळी

चि. हर्षवर्धन यास,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर मी ओरडलो, त्यावर हे पत्र लिहितोय. तुला ते मिळेपर्यंत दहाबारा दिवस जातील, तोवर काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो, कारण फोनवर मला नीट बोलता आलं नाही.

तुझं पत्र आज बाराच्या टपालाने आलं. आईला वाचून दाखवायला बसलो. चपलेपाशी आलो आणि वाचणं तिथेच सोडलं. आई म्हणाली, काय गाळलंत? मी चप्पल पायात सरकवली आणि परदेशी फोनसाठी स्टँडवरच्या बूथवर गेलो. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. मागे तुझी कसली तरी यंत्रं वाजत होती. मी एवढंच म्हणालो, “हर्षा, टिटवीवर जाऊ नकोस. माणसं वर घे. आजच घे.” तू विचारत राहिलास, नाना काय झालं, आईला बरं आहे ना. मी तेच पुन्हा ओरडलो आणि फोन ठेवला. बूथवाला पोराचं काहीतरी झालं असेल म्हणून पाण्याचा ग्लास घेऊन आला.

अरे, ते घरटं नाही. ते पाण्याने आणून ठेवलेलं आहे. आपल्या पुलाखाली बाभळींना काय लटकतं दर वर्षी? तू लहान असताना त्यातून चेंडू काढायचास. झाडात अडकलेला कचरा म्हणजे नदीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाचन. आणि त्यात रबरी चप्पल, म्हणजे ते फार जुनंही नाही. तुझ्या डोक्याच्या वर हातभर म्हणजे सात फूट. तुझी एकोणचाळीस माणसं सात फूट पाण्याखाली झोपतायत.

आणि ती टिटवी. म्हातारा स्पष्ट सांगतोय की ती तिथली नाही, यंत्रांच्या पाण्यावर आलेली आहे. मग तिला त्या नदीचं काय ठाऊक? आपली टिटवी बरोबर असेल नसेल, पण तिच्या आजीपणजीने कृष्णा पाहिलेली आहे. ही बिचारी तुझ्यासारखीच पोटामागे गेलेली. जागा सपाट दिसली, बसली. आपण दोघांनी गावचा माणूस सोडून पाहुण्याला रस्ता विचारला.

आता खरं सांगतो. एकतीस वर्षांत मी टिटवी कधीच मोजली नाही. मी पट्टी वाचली. दोनदा चुकली वगैरे मी ठोकून दिलं. तू इंजिनिअर झाल्यापासून मला कधी काही विचारलं नव्हतंस. विचारायचं कारणही नव्हतं. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा विचारलंस, आणि नेमकं मला येण्यासारखं विचारलंस. मी हुरळलो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं झालं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी, फक्त उंट तिकडे तुझ्याकडे आहे.

माझं सतरा मार्चचं पत्र फाडू नकोस. मला परत पाठव. काम आहे.

आईने खजूर देवापुढे ठेवलेत, तुझा फोन येईपर्यंत वाटणार नाही म्हणते.

आशीर्वाद. आज दुसरं काही लिहवत नाही.

नाना


॥ श्री ॥

नवा कॅम्प, वरचा माळ
शुक्रवार, १६ एप्रिल २००४

ती. रू. नानांस,
कृ. सा. न. वि. वि.

परवा फोनवर एवढंच सांगितलं की पाणी आलं आणि एकोणचाळीसही सुखरूप आहोत. आईने तेव्हाच रिसीव्हर ओढून घेतला, त्यामुळे तुम्हाला पुढचं कळलं नसेल. आता क्रमाने लिहितो.

गुरुवारी तुमचा फोन आला तेव्हा मला काहीच कळेना. तुम्ही आपणहून फोन करत नाही आणि ‘आजच घे’ असं तर आयुष्यात मला कधी म्हणाला नाहीत. कारण समजलं नाही, पण तुमचा आवाज ऐकला होता. मी तडक झाऊच्या झाडाखाली गेलो, जमालुद्दीनला खांद्यावर चढवलं आणि ती चप्पल काढायला लावली. तिच्या टाचेत गाळ होता, वाळून विटेसारखा झालेला. झाडावर गाळ कसा चढेल हे मला इंजिनिअर असून तोवर सुचलं नव्हतं.

मॅनेजरला लिहून दिलं, सही केली. तो म्हणाला, दहा दिवसांपूर्वी इथेच राहू म्हणणारा तूच ना? म्हटलं, मीच. यल्ला, म्हणजे चल, कर काय करायचं ते, म्हणून त्याने फोन आपटला. शनिवार ते सोमवार तीन दिवस केबिन, मेस, जनरेटर, टाक्या सगळं दीड किलोमीटर वर ओढलं. माळावर वाऱ्याने डोळे उघडता येईनात, ताटात वाळू. माणसं मला तोंडावर काही बोलली नाहीत, पण मी गेलो की बोलणं थांबायचं. मंगळवारी आकाश स्वच्छ, फक्त पश्चिमेला लांब काळी रेघ. मला वाटलं, खलास, काँट्रॅक्ट गेलं.

बुधवारी जमालुद्दीन नेमाप्रमाणे आठला खाली गेला. वाचन शून्य. मग तो टिटवीची पिल्लं बघत तिथेच बसला. चारातलं एक मागच्या आठवड्यात घारीने नेलं होतं, तीन उरली होती. सव्वानऊच्या सुमाराला अबू फहदची पिकअप काठाकाठाने हॉर्न वाजवत आली. त्याला वरच्या गावातून भाच्याचा फोन आला होता. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो ओरडत होता, “सैल! सैल!” म्हणजे पूर. मी वरून जमालुद्दीनला हाका मारल्या. तो उठला, वही घेतली, आणि पळायच्या आधी घड्याळ बघून काहीतरी लिहिलं. नाना, त्या वेळी मी तुम्हाला आणि तुमच्या त्या वहीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. क्षमा असावी. तो काठ चढून वर आला, तेव्हा मी त्याला हाताला धरून माझ्याजवळ ओढलं.

आवाज आधी आला. लांब कुठेतरी डंपर खडी ओततोय आणि थांबतच नाही, असा. मग वळणावरून ते आलं. तोंडाशी पाणी दिसतच नव्हतं. काटक्या, लेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, फेस, असा एक ढीग सरकत येत होता, माणसाच्या चालीने, अगदी सावकाश, आणि त्याच्यामागे तपकिरी पाणी भिंतीसारखं. त्या ढिगाच्या पुढे सगळा जीव पळत होता. भुंगे, विंचू, मागच्या पायांवर उड्या मारणारे ते वाळवंटातले उंदीर, दोन ससे. काटेरी शेपटीचे घोरपडीसारखे ढब इथे असतात, तेही बाहेर पडले होते, पण पळत नव्हते. त्यांची बिळं आधीच काठावर वर होती. हे मी तीन महिने रोज बघत होतो, त्याचा अर्थ त्या दिवशी लागला. विंचू आमच्या बुटांवरून गेले, त्यांनी कुणाला काही केलं नाही आणि आम्हीही नाही.

टिटवी वरून घिरट्या घालत नुसती आक्रोश करत होती.

मी लेव्हलची दुर्बीण तिवईवर लावली आणि वरून पट्टी वाचायला लागलो. नऊ चाळीसला एक फूट. दहाला तीन फूट दोन इंच. मी आकडा सांगायचो, जमालुद्दीन लिहायचा. साडेदहाला त्याने घाईत सहाऐवजी सात लिहिलं आणि नखाने खरवडायला लागला. मी हात धरला. एक रेघ मारून घेतली, शेजारी सहा, सही. आमच्यामागे, मुंबईला गेलेला वेल्डर सोडून, बाकीचे छत्तीसजण उभे होते. अकरा वीसला आठ फूट चार इंच. मग पट्टी एकदा वाकली, पुन्हा सरळ झाली, आणि गेली. जुन्या मेसच्या जागी साडेपाच फूट पाणी असावं. झाऊच्या त्या बेचक्यात, जिथून आम्ही चप्पल काढली, तिथे नवा कचरा येऊन बसला. तितक्याच उंचीवर.

मेसवाला कुंजुमोन मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याच्या शेजारी बसलो.

लोभ असावा हे दर पत्रात लिहितो. या वेळी तो होता म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

आपला,
हर्षा


॥ श्री ॥

वरचा माळ, बुरैदा
शुक्रवार, २३ एप्रिल २००४

ती. रू. नानांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं आठ तारखेचं पत्र मंगळवारी आलं. दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंत की मी कधी काही विचारलं नाही. खरं आहे. मला वाटायचं, तुम्हाला आवडत नाही. त्याबद्दल आणखी काही लिहायला गेलो तर बिघडेल, म्हणून इथेच थांबतो. पुढच्या सुटीत पुलावर आपण दोघं जाऊ तेव्हा खूप विचारणार आहे, तयारीत राहा.

पाणी तीन दिवस वाहिलं, मग तुटलं. आता पात्रभर डोह आहेत. आणि नाना, गर्दी बघायला हवी होती! मागच्या शुक्रवारी अर्धं बुरैदा इथे लोटलं. काठाने सतरंज्या, कॉफीचे थर्मास, म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरं. कुणी काही करत नाही, नुसतं पाणी बघत बसतात. आपल्याकडे पूर आला की लोक पुलावर जातात, अगदी तसंच. अबू फहद खुर्ची टाकून मध्ये बसला होता आणि प्रत्येकाला जुन्या कॅम्पची जागा दाखवत होता. मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, माझं ऐकलं नाहीस ते चाललं, बापाचं ऐकलंस ना.

मुग्धा आणि सुरुची काल आल्या. पक्षी इतके आहेत की सुरुचीने वही भरली. लांब लाल पायांच्या शेकाट्या, धोबी, वेडे राघू, बगळे, आणि काल संध्याकाळी उत्तरेला निघालेले पांढरे करकोचे उतरले, बावीस. डोहात ढालीसारखी पाठ असलेले बोटभर किडे वळवळतायत. आठवड्यापूर्वी इथे वाळू होती. अबू फहद सांगतो, त्यांची अंडी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाण्याची वाट बघतात. सुरुची मला इंग्रजीत म्हणाली की म्हणजे त्यांना माहीत होतं, बाबा, आणि तुम्हाला नव्हतं. मी म्हटलं, हेच आजोबांना मराठीत लिही. लिहिलंय, सोबत आहे.

टिटवीची दोन पिल्लं सापडली. आमच्या नव्या कॅम्पच्या आंघोळीच्या पाण्यापाशी हिंडत होती. आई ओरडतेच आहे. तिसरं दिसलं नाही.

मॅनेजर स्वतः येऊन गेला. जुन्या जागेवर बराच वेळ उभा होता. हेड ऑफिसला रिपोर्ट द्यायचा होता, त्यात एक रकाना होता, निर्णय कशाच्या आधारावर घेतला. तो म्हणाला, इंजिनिअरिंग अंदाज असं लिही. मी लिहिलं, बी. आर. माईणकर, निवृत्त गेज वाचक, कृष्णा नदी, सांगली, यांच्या सल्ल्यावरून. त्याने ते तसंच पुढे पाठवलं. प्रत सोबत आहे. काँट्रॅक्ट दोन वर्षांसाठी वाढलं.

तुमचं सतरा मार्चचं पत्रही सोबत परत पाठवतो. कशाला हवंय ते कळलं नाही. नवी पट्टी उभी केली आहे, आता बारा फुटी.

आईस नमस्कार. खजूर आता वाटायला हरकत नाही. लोभ आहे, तो असाच राहू द्यावा.

आपला,
हर्षा


॥ श्री ॥

मु. पो. डिग्रजवाडी
गुरुवार, ६ मे २००४

चि. हर्षा यास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट काल मिळालं. सुरुचीच्या पाच ओळींत सात चुका आहेत, पण म्हणणं बरोबर आहे, तिला शाबासकी. खजूर वाटले. बूथवाल्याला जास्त दिले.

रिपोर्टाची प्रत मी कुणाला दाखवली नाही. आई शेजारून म्हणते की पोस्टमनने दोनदा वाचली आणि सरपंचांनी एकदा. त्यांनी मागितली म्हणून दिली. एकतीस वर्षांत माझं नाव कुठल्या कागदावर आलं नव्हतं, ते आलं, आणि तेही नदी नसलेल्या देशात. मी खुर्चीत बसून राहिलो, चहा गार झाला. तुझा अभिमान वाटला हे लिहून ठेवतो, कारण समोर आलास की मी काहीतरी भलतंच बोलेन.

पण रिपोर्ट अर्धाच खरा आहे, हर्षा. त्यात माझा दुसरा सल्ला आहे, पहिला नाही. वेल्डर सुटीवर निघाला नसता आणि तुझं पत्र साध्या टपालाने आलं असतं, तर ते पंधरा तारखेला मिळालं असतं. पाणी चौदाला आलं. हे मी रोज मोजतो. हेड ऑफिसला कळवायची गरज नाही, पण आपल्या वहीत ते असायला हवं.

म्हणून सतरा मार्चचं पत्र सोबत पुन्हा पाठवत आहे. फाडायचं असतं तर मीच फाडलं असतं. आज सकाळी आठला टेबलाशी बसलो, फूटपट्टी घेतली आणि ‘निर्धास्त राहा, कॅम्प हलवू नकोस’ या शब्दांवर एकच रेघ मारली. खालचं वाचता येतं, बघून घे. शेजारी समासात लिहिलंय, ‘माणसं वर घे.’ सही केली आहे, आजची तारीख घातली आहे. रेघ सरळ आली आहे.

जमालुद्दीनला सांग, हा कागद चौदा एप्रिलच्या पानाला चिकटवायचा.

आशीर्वाद आहेतच, आणि या वर्षी तूही थोडे आम्हाला पाठवलेस.

तुझा,
नाना